गाठीने फितवलेली राखण

सोनई, मंगळवार, संध्याकाळ

दोन वर्षांपूर्वीची अशीच संध्याकाळ आठवली. गोठा झाडला, धार काढली, आत आले तर हे चहा बशीत गार करत बसलेले. गरम घोट गालाला सोसत नव्हता. तोंडाचा कॅन्सर तेव्हाच सुरू झाला होता आणि आम्ही ताकदीसाठी काढा पाजत बसलो. त्यातच हे गेले.

आज दीर म्हणतात, "दादाच्या अंगात ताकदच नव्हती, वहिनी." नव्हती? परवाच वाचलं मी. रोगाशी लढणाऱ्या पेशींना आवरणाऱ्या पेशीही शरीरात असतात. एरवी त्या हव्यातच, नाहीतर शरीर स्वतःवरच उठेल. पण गाठ त्यांनाच भोवती जमवते आणि लढणाऱ्यांना रोखून धरते. म्हणजे हे लढत होते. त्यांना आतूनच अडवलं होतं. काढा तिथं काय करणार होता?

आणि आता धाकट्या जावेच्या, शोभाच्या गालात पांढरा चट्टा. रोज मिसरी लावते. तिलाही दीर काढाच देतात. "ताकद आली की जाईल, वहिनी. काढा लई जालीम हाय."

"मग भावजी, तो तुम्हीच प्या," म्हणाले.

बुधवार

सकाळच्या एसटीने शोभाला नगरला नेलं आणि डॉक्टरांना तिचा गाल दाखवला.