सत्काराचा नारळ

॥ श्री ॥
चाकण, ता. ४ जानेवारी १९५७

चि. शालनला आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. तूच शिकवलेली अक्षरं हायेत, वाकडी असली तरी वाचून घे. म्हैस व्याली, रेडी झाली. तर मुख्य राहिलंच. तुझ्या अनाथ पोरांच्या बालगृहाचे अध्यक्ष नानासाहेब चावडीवर आले होते. मला खुर्चीवर बसवून शाल-नारळ दिला. म्हणाले, तुमची नात पैशाकडं बघत न्हाई. मी गप बसते व्हय? उभी राहून म्हणले, आमची शालन पगार वाढवून मागायची न्हाई, हा माझा शब्द. त्यांनी ते लागलीच कागदावर उतरवलं. खाली मी अंगठा न्हाई, सही केली, अनुस्वारासकट. शेजारचा कोंडाजी बघतच राहिला. नारळाच्या वड्या केल्या. माया हाय ती वाढव.
तुझी आजी, अंबुबाई

तळेगाव दाभाडे, ता. ९ जानेवारी

ती. आजी, शि. सा. न. तुझी अक्षरं बघून हसू आलं, मग पुढचं वाचलं. पगाराच्या पस्तीस रुपयांतले बारा खोलीला जातात. महिनाअखेरीस पोरांच्या पातेल्यातली खिचडी खरवडून जेवते. हे तुला कधी लिहिलं नाही, चूक माझीच. पोरांना सांभाळणाऱ्या आम्ही चौघींनी पंधरा रुपये वाढीचा अर्ज दिला होता. नानासाहेबांनी बैठकीत त्यावर तुझा कागद ठेवला. बाकी तिघींनी आपापली नावं खोडली. पिंपरीच्या कारखान्यात बाटल्या धुवायला सत्तर देतात, पण इथली सगळ्यात धाकटी पोर माझं बोट धरल्याशिवाय झोपत नाही. मागता येत नाही, जाताही येत नाही. वड्या मात्र पाठव, टोमणा नाही. तुझा हात पाठीवर असू दे.
तुझी शालन

चाकण, ता. १५ जानेवारी

चि. शालन, आशीर्वाद. तुझं पत्र वाचायला दोन दिस लागले. खिचडीपाशी अडले. शाल घेऊन यष्टीनं चिंचवडला नानासाहेबांच्या बंगल्यावर गेले, म्हणले, शब्द परत द्या. त्यांनी कपबशीत चहा दिला. म्हणाले, तुमच्या नातीला वाढ दिली तर पोरांचं दूध कमी करावं लागंल. मी इचारलं, तुमच्या मोटारीच्या ड्रायव्हरला किती देता? म्हणाले, नव्वद. त्याला बाजारभाव द्यावा लागतो, सेवेला भाव नसतो. उत्तर सुचलं मला, पण परतीच्या यष्टीत बसल्यावर.

शाल त्यांनी आपल्या हातानं परत माझ्याच खांद्यावर घातली. वर दुसरा नारळ दिला. मी घेतला. सही करायला शिकवलीस, पोरी, न्हाई म्हणायला न्हाई शिकवलंस.

वड्या कोंडाजीबरोबर धाडल्यात. आजीवर राग धर, पण जेव.
अंबुबाई