पडद्याखालचा ओघळ

सोमवार, २९ सप्टेंबर

झालं! मिनल मॅडमचा फोन आला. आईचं काम नक्की. पुढच्या सोमवारपासून!

चाकणच्या ज्या कंपनीत वॉशिंग मशीनचे बोर्ड बनतात तिथं. मिनल मॅडम तिथल्या लाइनच्या सुपरवायझर. बोर्ड ब्रशने पुसायचे, बघायचे, पेटीत भरायचे. बसून काम, जनरल शिफ्ट, बस मोशीच्या चौकात येते. अर्ज मी भरला, फोटो मी काढून आणले, आधारचं मी पाहिलं. आईने फक्त सही केली. ती सहीसुद्धा मीच शिकवलेली.

आईने एवढंच विचारलं, "बांगड्या काढाव्या लागतेत म्हणं?"

म्हटलं, हो, सगळ्या. आपल्या अंगातली वीज बोर्डाला लागून तो बिघडतो. म्हणून मनगटाला एक पट्टी बांधतात आणि तिची वायर टेबलाला जोडतात.

"म्हंजी मलाच खुट्याला बांधणार की!"

मी पोट धरून हसले. आई पण हसली. पप्पा म्हणाले, "बघा बुवा, आता आमच्या घरात दोन कंपनीवाल्या."

घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. पण डिग्रीची फ्रेम भिंतीवर लावून काय होतं? घरातलं आणखी एक माणूस पुढे सरकलं पाहिजे. आज ते झालं. छान वाटतंय!

मंगळवार, ३० सप्टेंबर

सकाळी साफसफाई. मला दुपारची शिफ्ट होती म्हणून बरं.

खंडेनवमीला सगळे हत्यारांची, मशीनची पूजा करतात, पण आमच्या आईचं जरा जास्तच. ज्याला वायर आहे त्या प्रत्येकाला हळद-कुंकू. मिक्सर, इस्त्री, फ्रिज, पंखा, टीव्ही. मी सातवीत असताना पप्पांची दोन बोटं कंपनीत प्रेस मशीनखाली गेली, तेव्हापासून. मशीनला राग येऊ नये म्हणून! मी लाख समजावलं की मशीनला राग-लोभ नसतो, त्याला स्वच्छता लागते. ती म्हणते, "मग तू स्वच्छता कर, मी राग काढते."

तर स्वच्छता माझ्याकडे. मिक्सरच्या बुडाला वाळलेलं वाटण काडीने कोरून काढलं. फ्रिजच्या दाराचं रबर जुन्या टूथब्रशने घासलं. पंख्याच्या पात्याला उशीचा अभ्रा घालून ओढला, धूळ सगळी आतल्या आत. आई बघत राहिली. म्हणाली, "हे कुठं शिकलीस गं?" मी म्हटलं, हेच तर विकते मी दिवसभर.

खरंच. हिंजवडीच्या कॉल सेंटरमध्ये बसून दिवसभर मराठी गिऱ्हाइकांना हेच सांगते. सर, टीव्ही पुसण्याआधी प्लग काढा. मॅडम, पडद्यावर थेट स्प्रे मारू नका, कापडावर घ्या. झोपेत विचारलं तरी सांगेन.

आणि तेवढ्यात कॅबचा हॉर्न. टीव्हीच्या पडद्याच्या खालच्या कडेला गेल्या वर्षीच्या कुंकवाचं बोट होतं, कोरड्या फडक्याने निघेना. काच पुसायच्या निळ्या पाण्याची बाटली घेतली आणि मारली दोनदा. थेट! एक ओघळ खाली फ्रेममध्ये उतरला. पुसला लगेच. एवढ्याने काही होत नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर

आज पप्पांच्या कंपनीत पूजा. आईने डब्याच्या पिशवीत कुंकवाची पुडी दिली, त्यांच्या प्रेससाठी. ते काही न बोलता घेऊन जातात, दरवर्षी.

आमच्याकडची पूजा दसऱ्याला. आणि आईचा नियम असा की पुसलेलं यंत्र पूजेआधी चालवायचं नाही. त्यांनाही एक दिवस सुट्टी! फ्रिजला तेवढी सूट. चटणी पाट्यावर वाटली, टीव्ही बंद. घरमालकीण गवराबाई सिरीयल बघायला खाली आली आणि तशीच परत गेली. "मशीनीला बी उपास व्हय?" म्हणाली.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा.

पूजा झाली. आईने प्रत्येकाला बोटाने ओलं कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. पप्पांनी रिमोट घेतला.

आवाज आला. चित्र नाही.

पडदा काळा. एका कोपऱ्यात करड्या रेघा, बाकी अंधार. बाई बातम्या वाचतेय आणि बाईच नाही! पप्पांनी बंद केला, लावला, परत बंद केला. मग आईवर ओरडले, "कितीदा सांगितलं, ओलं कुंकू लावू नको म्हणून! पाणी गेलं ना आत!"

आई कुंकवाचा करंडा हातात धरून तशीच उभी.

मला कळलं होतं. रेघा बघितल्या त्याच क्षणी कळलं. कुंकवाचा थेंब कुठे आणि बाटलीचा ओघळ कुठे! मी तोंड उघडलं. सांगायलाच उघडलं होतं, शपथ. आणि तोंडातून आलं—

"कुंकवाचंच पाणी गेलं असेल."

हे मी म्हणाले. मी. इथे लिहून ठेवते, म्हणजे मला नंतर वेगळं आठवता येणार नाही.

आईने साडीच्या पदराने टीव्हीवरचं कुंकू पुसलं. मग मिक्सरवरचं. मग इस्त्रीवरचं. सगळं पुसलं. आपट्याची पानं द्यायला लोक येत होते, ती हसून सोनं घेत होती, देत होती.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

ऑफिसमध्ये लातूरकडचे एक काका लाइनवर. टीव्ही काळा पडलाय, आवाज येतोय. मी विचारायचं ते विचारलं— सर, पडद्यावर थेट काही फवारलं होतं का?

मग म्हणाले, "मी न्हाई बा. बायकोनं केलं आसंल."

मागून बाईचा आवाज आला, "अहो, तुमीच तर पुसला की!" त्यांनी फोनवर हात ठेवला.

मी नेहमीचं वाक्य म्हटलं, काळजी करू नका सर. म्हणता म्हणता मधेच अडले, परत पहिल्यापासून म्हटलं. शेजारच्या तेजलने विचारलं, गिऱ्हाईक शिव्या देतंय का? म्हटलं, हो.

आज पहिली शिफ्ट होती, संध्याकाळी घरी होते. चौकातला टीव्हीवाला धनेश आला. मागचं झाकण उघडलं, बॅटरी मारली. "पॅनल गेलंय. खालच्या कडेनं ओल शिरली. कशानं पुसला होता, ताई?"

माझ्याकडे बघून विचारलं. मी श्वास घेतला. पण आई आधी बोलली.

"मीच. कुंकू लई पातळ कालवलं होतं."

धनेश "असं होय" म्हणाला. नवीन पॅनल घालण्यापेक्षा नवीन टीव्ही परवडेल म्हणाला आणि झाकण लावून गेला.

गवराबाई दारातच होती. सिरीयल चालू होती, आवाजावर. ती थोडा वेळ ऐकत बसली. "आंधळ्यावानी झालंय गं बाई. सासू कोन, सून कोन, काय कळंना." मग उठता उठता म्हणाली, "सोजराबाई, घरातला एक टीव्ही तुमाला झेपला न्हाई, आन् तितं कंपनीत जाऊन काय दिवे लावणार हाय?"

थट्टाच होती. ती सगळ्यांचीच करते. आई पण म्हणाली, "खरंय मावशी." मी तिथेच. चहाचे कप गोळा करत होते. कप गोळा करत राहिले!

जेवताना आईने सांगून टाकलं. "मी काही जाणार नाही सोमवारी. माझ्या हाताला गुण नाही. तिथलं लोकांचं महागाचं सामान, माझ्या हातनं जायचं. मिनल मॅडमला सांग."

पप्पा म्हणाले, तुझी मर्जी.

एका बाटलीने टीव्ही घालवला. एका वाक्याने आईचं काम घालवतेय. आणि काम तिला मिळवून दिलं म्हणून सोमवारी इथेच मिरवत होते.

शनिवार, ४ ऑक्टोबर

खरं सांगितलं नाही.

आईने मिक्सरला हात लावला नाही. शेंगदाण्याचा कूट पाट्यावर. "राहू दे, तूच लाव बाई ते."

रविवार, ५ ऑक्टोबर

सांगितलं.

सकाळी मिनल मॅडमचा मेसेज आला— उद्या नक्की ना? केस टोपीत घालायचे, बांगड्या नकोत, बस वेळेवर. मी मेसेज वाचून दाखवला. आई मेथी निवडत होती. म्हणाली, "तुला सांग म्हणलं होतं ना त्यांना?"

पप्पा मॅच ऐकत बसले होते. हो, ऐकत. काळ्या पडद्याकडे तोंड करून! ओरडा झाला की "काय झालं, काय झालं" म्हणून त्या काळोखालाच विचारायचे. मला हसू यायला हवं होतं.

मी टीव्हीसमोर जाऊन उभी राहिले आणि बोलून टाकलं. कुंकू नव्हतं. मी होते. मंगळवारी घाईत थेट स्प्रे मारला, प्लगसुद्धा काढला नव्हता. दुसऱ्यांना शिकवते आणि मीच केलं. आणि दसऱ्याला खोटं बोलले. धनेशसमोर गप्प बसले. गवराबाईसमोर पण गप्प बसले.

पप्पांनी आवाज बंद केला. रिमोट खाली ठेवला. मग म्हणाले, "आन् मी हिला बोललो. सणाचं."

मला वाटलं मला ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठून बाहेर गाडी पुसायला गेले. पुसलेलीच गाडी.

आई मेथी निवडतच होती. मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, आई, तुझ्या हाताचा काही दोष नाही. आता जाशील ना उद्या?

तिने वर बघितलं नाही. म्हणाली, "मला ठावं होतं."

काय?

"पडद्याखाली ओघळ वाळला होता, निळा. दसऱ्याला कुंकू पुसलं तवाच दिसला. कुंकू निळं कुठं असतंय?"

मग बोलली का नाहीस? धनेशला का सांगितलंस तू केलं म्हणून?

तिने मेथीच्या काड्या बाजूला केल्या. मग जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते.

"यांची बोटं गेली तवा मी कंपनीच्या गेटावर उभी होते. तू शाळेत होतीस. आत जाऊ दे म्हणलं तर वॉचमन म्हणला, मावशी, बाहेरच्यांना बंदी आहे. हे आत, मी बाहेर. कुणी काही सांगंना. तवापासून कंपनीचं गेट बघितलं की मी रस्ता बदलते. आन् तू इतक्या हौसेनं फोन केले, फोटो काढून आणले. तुझ्या तोंडावर नाही कसं म्हणू? टीव्ही गेला, मला बरंच वाटलं. देवीनंच सोडवलं म्हणलं."

आणि मग, हसल्यासारखं करून—

"चांगलं कारण होतं गं. ते पण काढून घेतलंस."

तीन दिवस स्वतःच्या एका खोट्यावर रडत होते आणि खरी चूक त्याच्याही आधीची निघाली. मी अर्ज भरला, सही शिकवली, आधार पाहिलं. "तुला जायचंय का?" एवढं एक विचारलं नाही. दिवसभर अनोळखी लोकांना "तुमची काय अडचण आहे" विचारते. आईला कधी नाही! बांगड्यांचं विचारलं तेव्हा तिला बांगड्यांचं विचारायचंच नव्हतं, आणि मी पोट धरून हसत होते. तिला पुढे सरकवायला निघाले होते— फ्रिज सरकवतात तसं.

मी म्हटलं, नको जाऊस आई. मी आत्ता फोन करते मिनल मॅडमना. खरं काय ते सांगते.

फोन हातात घेतला. आईने मेथीच्या हिरव्या हाताने तो उलटा ठेवला.

"राहू दे. रविवारचं कशाला त्यांना त्रास."

गवराबाईला मात्र जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "आमी तर थट्टा केली व्हती, पोरी." मग थोड्या वेळाने, "ग्रॅज्युएट बाईच्या हातनं गेला म्हण की!" आता गावभर होईल. होऊ दे.

सोमवार, ६ ऑक्टोबर

उठले तर आई घरात नाही. ओटा आवरलेला, माझा डबा भरलेला. चटणी मिक्सरची— भांडं धुऊन पालथं घातलेलं, बुडाला ताजं कुंकू. कोरडं.

टीव्हीपुढे करंडा. करंड्याशेजारी तिच्या हिरव्या बांगड्या.

पप्पा आत्ता गाडी लावून आले. "बस नको म्हणाली. गेटापर्यंत सोडलं," म्हणाले. "तिथं माझा हा हात धरून उभी राहिली जरा वेळ. मग आत एकटीच गेली."