पेरूच्या जागी जाम

आई, परवा तुझ्या स्वयंपाकघरातला एक शब्द माझ्या दवाखान्यात ऐकू आला, म्हणून लिहिते आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या पिंपळगाव राजा गावच्या एक बाई माझ्याकडे उपचाराला आहेत. त्यांचा कर्करोग, तुझ्यासारखाच, मेंदूच्या आणि पाठीच्या कण्याच्या आवरणांत पसरला होता. संपूर्ण मेंदूला आणि कण्याला किरणोपचार द्यायचे, पण मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना, नव्या आठवणी धरून ठेवणारा करंगळीएवढा वळणदार भाग आहे, तो जमेल तितका वाचवायचा, असे ठरले. त्याची सीमारेषा पडद्यावर मी स्वतः आखली. सहकाऱ्याने काढलेली दोनदा पुसून टाकली. त्या करड्या छायांतून रेषा नेताना पाण्याखालून चालल्यासारखे वाटते. माणसांचे आवाज दूर जातात.

चार महिन्यांनी स्मरणाची चाचणी झाली. वाचून दाखवलेले शब्द थोड्या वेळाने आठवून सांगायचे असतात. बाई एकेक शब्द सांगत गेल्या आणि शेवटी म्हणाल्या, "जाम." पुण्याहून आलेल्या आमच्या तरुण डॉक्टरने शून्य लिहिले. यादीत पेरू होता.

"जामच त म्हनलं मी. तुम्ही त्याले पेरू म्हनता, त मी काय करू?" बाई त्याला म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "मॅडम, तुम्ही चिखलीच्या ना? मंग काऊन गप बसल्या?"

मी ते शून्य खोडले. बाईंना सगळे आठवत होते.

कॉलेजातली एक सुट्टी आठवते. मी पुण्याहून मैत्रिणींना घेऊन चिखलीला आले आहे. तू फोडींना तिखटमीठ लावून ताटली पुढे करतेस, "घ्या पोरींनो, जाम घ्या." त्या एकमेकींकडे पाहून हसतात. मी म्हणते, "आई, पेरू म्हण. आणि 'मले' नको, 'मला' म्हणत जा." तू म्हणतेस, "बरं बापा, पेरू त पेरू," आणि विळी धुवायला ओट्याकडे वळतेस.

तुझ्या संपूर्ण मेंदूला किरणे दिली, त्यानंतर काही महिन्यांनी त्याच ओट्यापाशी तू मला पाहुणी समजलीस. पदर सावरून अगदी शुद्ध बोललीस, "बसा. पेरू घ्या." ते रोगाने झाले की किरणांनी, हे मी खात्रीने सांगू शकत नाही, आणि खात्रीवाचून बोलणे मला आवडत नाही. खिडकीतले ऊन तुझ्या हातांवरून हळूहळू सरकत होते. मी पाहुण्यासारखी बसून सगळ्या फोडी खाल्ल्या.

हे पत्र कुठे जायचे नाही, म्हणून हेही लिहिते. तुझ्या वेळी आठवणींचा भाग वाचवण्याची ही पद्धत नव्हती, असे मी सगळ्यांना सांगत आले आहे. मी तिच्याविषयी वाचले होते. मुंबईत एक जण ती करून पाहत होता. शिकताना तो मला दोन वर्षांनी कनिष्ठ होता. त्याला फोन करून "मला हे येत नाही" एवढेच म्हणायचे होते. मी फोन केला नाही.