नाव तिच्या तोंडून

अक्का, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज लॅबमधून घरी आल्यावर तुमच्याशीच बोलावंसं वाटलं. पाय भरून आलेत, चहा गार झालाय.

बंगळुरातल्या बसवनगुडीच्या त्या दोन खोल्यांच्या लॅबमधली, तुमच्या हाताखालची माझी पहिलीच सकाळ. चिठ्ठीवरचं नाव वाचून मी एका आजोबांना अदबीनं विचारते, "आपणच ना?" ते मान हलवतात. मी सुई उचलते आणि तुम्ही माझं मनगट धरता. आजोबा भलतेच निघतात. "अगं, तापातला माणूस नंदीबैलासारखा कशालाही मान हलवतो. नाव त्याच्या तोंडून काढ. कॉन्व्हेंटात प्लीज-थँक्यू तेवढं शिकवलं वाटतं!" सगळे हसले, मला रडू आलं. दुपारी तुम्ही तुमच्या डब्यातलं चित्रान्न, तो लिंबाचा फोडणीचा भात, माझ्या झाकणात वाढलंत. म्हणालात, "स्वल्प खा. यंत्र चुकलं तर पुन्हा लावता येतं. नळीत रक्तच दुसऱ्याचं असेल, तर बिचारं यंत्र काय करणार?"

गेल्या आठवड्यात बाकावर दोन गरोदर बायका होत्या, एक जे. पी. नगरची, दुसरी आनेकलची, कारखान्यात जाणारी. दोघींची हिपॅटायटिस-बी काविळीची तपासणी. गर्दी होती, माझी कंबर धरली होती. मी जे. पी. नगरवालीचं नाव घेतलं, उठली आनेकलची. "तुम्हीच ना?" "हूं." मग उरली ती दुसरीच, असं धरून तिला काही विचारलंच नाही. परवा जे. पी. नगरवाली पॉझिटिव्ह रिपोर्ट घेऊन रडत आली. पुन्हा रक्त घेतलं, निगेटिव्ह. म्हणजे विषाणू आनेकलच्या बाईच्या रक्तात, आणि तिच्या हातात मात्र निगेटिव्हचा कागद. तिचे दिवस भरलेले. जन्मल्याबरोबर बाळाला इंजेक्शनं मिळाली नाहीत, तर हा आजार त्याच्या जन्माला पुरायचा.

काल सकाळी डॉक्टरांना सांगितलं, नळ्यांची अदलाबदल माझ्याच हातून झाली, आणि आनेकलला फोन केला. नवरा आधी चिडला, "एनु मॅडम, काय हे, लॉटरी आहे का तुमची, दर आठवड्याला नवा निकाल?" मग घाबरून तासाभरात तिला घेऊन आला. या वेळी तिनं स्वतःचं नाव सांगितलं, गावासकट. पॉझिटिव्ह. इंजेक्शनं मागवून ठेवलीत. बाळ अजून पोटात आहे.

आज सगळे म्हणाले, लक्षात येताक्षणी सांगितलंत म्हणून बरं झालं. अक्का, माझ्या लक्षात परवाच आलं होतं, ती जे. पी. नगरची बाई समोर उभी असतानाच. "तपासणीचं किट खराब असेल," असं म्हणून मी घरी आले, जेवले. हे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. त्या रात्री मला झोपही चांगली लागली.