दुआ करते म्हणाले

२ फेब्रुवारी २०२५, रविवार
उपासना आटोपली. शेवटी बायकांनी मलाच प्रार्थना करायला सांगितलं — केली. म्हणजे तोंडाने केली. नऊ वर्षं मलावीतल्या खेड्यात काढलेली मिशनरीणबाई म्हणून या मंडळीत माझ्या प्रार्थनेला भारी मान. ‘मरियमताईंनी मागितलं की मिळतं.’ मिळतं डोंबल! नदी गावात शिरली त्या मार्चपासून मी देवाशी एक शब्द बोललेले नाही. रणजितलाही माहीत नाही. पाळकाच्या बायकोने असलं कुणाला सांगायचं? इथे लिहिते, झालं.

हॉल वेळेवर रिकामा करावा लागला. दाराशी तेलुगू मंडळी ताटकळत उभी होती.

५ फेब्रुवारी
आमच्या व्हिलाच्या मागच्या भागात नवीन कुटुंब आलंय. गेटपाशी बाई दिसली, मी सवयीने ‘सलाम’ म्हणाले. आमच्या जालन्याच्या ख्रिस्ती वस्तीत सगळे सलामच करतात. तिने लगेच ‘वालेकुम सलाम’ म्हटलं. नाव विचारलं, मी मरियम म्हणाले, तर तिने माझी मरियमबीच करून टाकली! ती जहांआरा. रत्नागिरीकडची. संध्याकाळी सांदणं पाठवली, अजून गरम होती.

आपण त्यांच्यातले नाही हे सांगायचं राहूनच गेलं. खरं म्हणजे राहू दिलं. इथे आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीत आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी दारात उभं राहून माझ्याशी मराठीत बोललं. ते जाऊ नये असं वाटलं.

११ फेब्रुवारी
दिवसभर धूळ. खिडक्या बंद, एसीचा आवाज, आमची लेक पर्णिका तिच्या खोलीत.

मलावीत या वेळेला काय चाललेलं असायचं! झाडाला टांगलेली ट्रकची रिम बडवली की बायका पाठीला पोरं बांधून यायच्या. आधी गाणं, मग दवाखाना. ताप, खरूज, पोटदुखी — गोळी द्यायची आणि डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. मोठ्याने, सगळ्यांसमोर. कुणी गोळी नको म्हणायचं, प्रार्थना नको असं कुणी म्हटलं नाही. दुपारी मक्याच्या पिठाची उकड आणि भोपळ्याचा पाला. पाण्याच्या रांगेत भांडणं. तीही मीच सोडवायची.

नदी वाढली तेव्हा आम्ही मिशनच्या देवळात जमून मागत होतो, पाणी थांबव म्हणून. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. माझ्या शेजारी गुडघे टेकलेल्या बायकांची घरं गेली, पोरं गेली. मिशनने आम्हाला परत बोलावलं आणि मग इकडे पाठवलं.

१७ फेब्रुवारी
जहांआराचा नवरा लियाकत दुकानातच कोसळला. मुसाफाच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे त्यांचं. मेंदूत रक्तस्राव. व्हेंटिलेटरवर ठेवलंय. ती टॅक्सीसाठी गेटपाशी उभी होती, पायात दोन वेगवेगळ्या चपला. माझा हात घट्ट धरला. ‘मरियमबी, दुआ करा माझ्या माणसासाठी. एक दिवस नाही, रोज करा. करणार ना?’

‘करते,’ म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

१८ फेब्रुवारी
नाही केली.

२० फेब्रुवारी
रणजितला दुआचं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. ‘चर्चच्या कंपाउंडच्या आत काय ते, मरियम. बाहेर नाही. उद्या कुणी वेगळा अर्थ काढला, धर्मप्रचार म्हणाला, तर? आपल्या एकट्याचं असतं तर गोष्ट वेगळी. मंडळीचं काय करायचं?’

त्याचं चूक नाही. पण मला केवढं हायसं वाटलं! आयतं कारण मिळालं. बाहेर बोलायची परवानगीच नाही, मग माझा काय दोष? आपल्या खोलीत, मनातल्या मनात मागायला कोण अडवतंय — हे काही मी स्वतःला विचारलं नाही. आत्ता लिहिताना विचारतेय.

२३ फेब्रुवारी, रविवार
परत येताना गाडीत पर्णिका म्हणाली, ‘ममा, यू डोन्ट क्लोज युअर आइज एनीमोर.’

मी म्हणाले, ‘कधी?’

‘व्हेन यू प्रे.’

रणजित गाडी चालवत होता. त्याने ऐकलं नसावं. किंवा ऐकून सोडून दिलं असावं. मी एसी वाढवला.

१ मार्च
रोजे सुरू. जहांआराने मला रोज्यांचं काही विचारलं नाही. वाचले.

तिच्याबरोबर हॉस्पिटलला गेले. लियाकतभाई बारीक झालेत, दाढी वाढलीय. ती त्यांच्या पायाला तेल चोळत होती आणि माझ्याशी बोलत होती. ‘काल डॉक्टरला विचारलं, बरे होतील ना? बोलला, इन्शाल्ला. आतापर्यंत रिपोर्ट दाखवायचा, परसेंटेज सांगायचा. आता डॉक्टरसुद्धा इन्शाल्ला बोलायला लागला, मरियमबी.’

तेवढ्यात दुबईहून तिची नणंद उझमा आली. जहांआराने ओळख करून दिली. ‘ह्या मरियमबी. तुझ्या भाईजानसाठी रोज दुआ मागतात.’ उझमाने माझे दोन्ही हात घेतले आणि डोळ्यांना लावले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

६ मार्च
आज खरंच बसले. रणजित घरी नव्हता. दार लावून घेतलं, गुडघे टेकले. ‘हे बापा, लियाकत —’ एवढं म्हटलं आणि पुढे काही येईना. शब्द पाठ आहेत, शेकडो लोकांसाठी म्हटलेत. पण मागायचं तर मनात थोडी आशा लागते. मी मागितलं की नेमकं उलटं होतं, असं मला वाटतं. असं वाटणं पाप आहे, हे मीच इतरांना शिकवलंय.

उठून भांडी घासली.

९ मार्च
शेजारून इफ्तारची ताटली आली. नवरा हॉस्पिटलात आणि ही माझ्यासाठी भजी तळते! खाल्ली. चव कळली नाही.

१४ मार्च
लियाकतभाई गेले.

१५ मार्च
इथेच दफन केलं. रणजित बाहेर पुरुषांत जाऊन उभा राहिला. मी घरातच. पडदा सरकवून बघत होते, बायका येत होत्या, जात होत्या. मलावीत कुणी गेलं की मी पहिली पोचायचे, चटईवर त्या बाईच्या शेजारी बसायचे, रात्रंदिवस. इथे मधे एक भिंत, आणि पाय उचलेना. शिकरण करून पर्णिकाबरोबर पाठवली. ती येऊन म्हणाली, ‘आंटी आस्क्ड फॉर यू.’

१९ मार्च
गेले शेवटी. जहांआरा इद्दतीत आहे, नवरा गेल्यावर घरात बसायचा काळ; पांढरी ओढणी, हातात बांगड्या नाहीत. लसूण सोलत बसली होती. मी शेजारी बसून सोलायला लागले. वाटलं, आज सांगायचं. निदान अर्धं तरी. म्हटलं, ‘भाभी, तुमचा गैरसमज झालाय. आम्ही ख्रिस्ती. रणजित पाळक आहे.’

ती चक्क हसली. किती दिवसांनी. ‘पार्सलवाला रोज बाहेरून रणजित सर, रणजित सर ओरडतो. कुठल्या मुसलमानाचं नाव रणजित असतं, मरियमबी? पहिल्या हफ्त्यातच कळलं मला.’

‘मग मला कशाला सांगितलंत दुआ करायला?’

‘आमच्यातल्या सगळ्यांना सांगून झालं होतं. रत्नागिरीत, दुबईत, मक्केला गेलेल्यांना. तुमच्या लोकांतून कोण मागणार? बोलले, पर्णिका सांगते, ही बाई आफ्रिकेत खुदाचंच काम करून आलीय. हिचं तरी ऐकेल.’

मी लसूण सोलत राहिले. उरलेलं अर्धं सांगायचं धाडस झालं नाही. तिच्यासाठी ते एक दार होतं आणि मी ते वाजवलंच नाही. नाही म्हणाले असते तर तिने दुसरं कुणी शोधलं असतं. आयुष्यात दुसऱ्या कुणाचं इतकं वाईट केलं नसेल मी.

२४ मार्च
झोप नाही. जेवण नाही. रणजित म्हणतो, डॉक्टरकडे जाऊ.

३० मार्च, रविवार
ईद. तिच्या घरात शीरखुर्मा नाही, नवे कपडे नाहीत. उपासनेला निघायच्या आधी गेले आणि सांगून टाकलं — एकदासुद्धा केली नाही. ती पाठ फिरवून चादरीच्या घड्या घालायला लागली. वाटलं, आता जा म्हणेल. मग म्हणाली, ‘तर आता करा. त्यांना आत्ताच जास्त लागणार.’

आमच्यात गेलेल्या माणसासाठी प्रार्थना करत नाहीत. रणजित स्वतः तसं शिकवतो.

तिच्या फरशीवर बसून केली. मोठ्याने.