वीस की चौदा

सर, तुम्हाला जाऊन पंचवीसेक वर्षं झाली असतील. नेमकी तारीख मला माहीत नाही आणि कुणाला विचारायचं धाडसही झालं नाही. मला तुम्ही आठवता ते पेणच्या त्या क्लासमध्ये, जिना चढून आल्यावर दोन मिनिटं कठड्याला धरून उभे राहिलेले. खाली गणपतींना रंग मारायचं काम चाले, कॉम्प्रेसर दिवसभर घरघरत असे. त्या रंगाच्या वासानं तुम्हाला ठसका लागला की तो पाणी प्यायल्याशिवाय थांबत नसे. रोह्याच्या केमिकल कंपनीत वीस वर्षं काढल्यावर छातीनं दगा दिला आणि डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा प्लान्टमध्ये पाऊल टाकाल तर जिवाशी खेळ होईल. मग पन्नाशीला आल्यावर तुम्ही पुस्तकं आणून प्रोग्रामिंग शिकलात आणि आम्हाला शिकवायला लागलात. हे सगळं तुम्हीच पहिल्या आठवड्यात सांगितलंत, एसटी चुकली म्हणून उशीर झाला असं सांगावं इतक्या सहज.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही सात जण होतो आणि कॉम्प्युटर चार. मी गडबहून यायचे. वाटलं होतं, पहिल्याच दिवशी कॉम्प्युटरला हात लावायला मिळेल. तुम्ही पिशवीतून साधा टेबलावरचा कॅल्क्युलेटर काढून आमच्या मधोमध ठेवलात. "आधी याच्याशी खेळा. कुठलं बटण दाबल्यावर काय दिसतं ते वहीत लिवा. अधिक दाबून लगेच वजा दाबा. शून्यानं भागा. माणूस नीट वागत नाय, कशीपण बटणं दाबतो. तसं दाबून बघा." पुरे दोन दिवस हेच. मी मनातल्या मनात तुमच्यावर उखडले होते. मग कुठे पडद्यावर रिकामी खिडकी उघडली. तिच्यावर आम्ही एकेक बटण ओढून मांडलं, वर आकडा दिसायची पट्टी ठेवली. आधीचा आकडा ठेवायला एक डबा, दाबलेलं चिन्ह ठेवायला दुसरा डबा, असं तुम्ही फळ्यावर काढून दाखवलंत. आजही नव्या मुलांना मी डबाच म्हणते.

मी माझी बटणं गुलाबी केली होती आणि अक्षरं वळणदार. तुम्ही मागे येऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "काय गो, रुखवत मांडलायस काय?" सगळे खो खो हसले. मग हळू आवाजात म्हणालात, "शिफ्ट सुटताना माणसाचे डोळे चुरचुरत असतात. त्याला आकडा दिसला पायजे, बाकी काय नाय." मी बटणं पुन्हा करडी केली, आकडे मोठे केले, पण ते हसणं माझ्या डोक्यात बसलं. पुढे जे केलं त्याला हा राग कारण होता असं सांगून मी बरीच वर्षं स्वतःची समजूत घातली. खरं कारण राग नव्हता.

खरं कारण घरी होतं. बाबा मिठागरात कामाला, आणि माझ्यासाठी एक स्थळ जवळजवळ पक्कं केलेलं. आई रोज म्हणायची, "पोरगा चांगला हाय, कंपनीत परमनंट हाय, अजून काय पायजे गो तुला?" नोकरी लागली तर वर्षभर थांबू, एवढंच बाबांनी कबूल केलं होतं. आणि एके दिवशी क्लासचे मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "मुंबईच्या संस्थेची मान्यता मिळाली की शिकवायला एकच माणूस ठेवणार, सर नाहीतर तू. सरांचा अनुभव आहे, पण तब्येत ही अशी. बघू, त्यांचे साहेब येऊन गेले की ठरवू." तुम्हाला हे माहीत नव्हतं. तुम्ही त्या साहेबांसाठी इस्त्रीचा शर्ट घालून आलात.

तो दिवस अजून तसाच समोर आहे. साहेब टाय लावून बसलेत, मालक त्यांच्या शेजारी, आम्ही भिंतीला टेकून उभे. तुम्ही मधल्या कॉम्प्युटरवर तुमचा कॅल्क्युलेटर दाखवताय. शून्यानं भागलं तरी तो बंद पडत नाही, चिन्ह दोनदा दाबलं तरी गडबडत नाही. साहेब मान डोलावतात. मी हात वर करते. "सर, दोन अधिक तीन गुणिले चार करून दाखवा ना." तुम्ही दाबता. वीस. "पण सर, गुणाकार आधी करायचा ना? चौदा यायला पाहिजे." मागून कुणीतरी शाळेतलं 'कंचेभागुबेव' म्हणतं आणि हशा पिकतो. तुम्ही माझ्याकडे बघता, रागानं नाही, प्रश्न आवडल्यासारखे. "व्हय, शाळेत तसंच हाय. पण हा आपला टेबलावरचा कॅल्क्युलेटर जसा..." आणि तुम्हाला ठसका लागतो. तो थांबेचना. साहेब म्हणाले, "पाचवीतल्या मुलालाही येतं हे," आणि त्यांनी फाइल मिटली.

मला ते वाक्य पुरं करता आलं असतं. आदल्याच दिवशी गडबच्या मेडिकलमध्ये मी डोकेदुखीची गोळी घ्यायच्या निमित्तानं गल्ल्यावरच्या कॅल्क्युलेटरवर तेच गणित करून पाहिलं होतं. वीस. क्लासच्या कॉम्प्युटरमध्ये आधीपासून असलेल्या कॅल्क्युलेटरवरही वीसच. साधा कॅल्क्युलेटर पुढचं चिन्ह दाबलं की मागचं उरकून टाकतो, पेणपासून रोह्यापर्यंत कुठल्याही दुकानात बघा. तुमचा प्रोग्राम हुबेहूब बरोबर होता. हे खोलीत दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातल्या एकाला बोलता येत नव्हतं. मी काय केलं, तर पाण्याचा ग्लास आणून तुमच्या हातात दिला. किती गुणाची मुलगी, असं मालकांच्या चेहऱ्यावर दिसलं.

पुढच्या सोमवारपासून तुमच्या खुर्चीत मी बसले. स्थळ परत गेलं. पावसाळा संपता संपता रोह्याहून येणाऱ्या एका मुलानं सांगितलं, "सर परत प्लान्टला जातात. ठेकेदाराकडं, तोंडाला रुमाल बांधून." मी ऐकलं आणि खडू उचलून पुढचा धडा सुरू केला. तुम्हाला दुसरीकडे कोण घेणार होतं, त्या वयात, त्या खोकल्यासकट? हे मला तेव्हाही कळत होतं. दीड वर्षानं तुम्ही गेल्याची बातमी त्याच मुलानं आणली.

महिन्याभरानं मी रोह्याला तुमच्या घरी गेले. तुमच्या बायकोनं मला आत बसवलं, कोण म्हणून आधी विचारलंही नाही. क्लासमधली एवढं पुरे होतं त्यांना. म्हणाल्या, "शेवटी शेवटी बोलायला दम पुरायचा नाय, तरी क्लासचंच बोलायचे. गडबची एक पोर हाय म्हणायचे, लय हुशार. तिनं सगळ्यांसमोर चूक काढली माझी. आधी म्हणायचे, चूक नव्हती ती. मग म्हणायला लागले, नसंल मला येत, उगाच पोरांना शिकवत बसलो." पदरानं चहाचं भांडं उतरवता उतरवता त्यांनी विचारलं, "तुम्ही ओळखता काय तिला?"

मी म्हटलं, "नाही. मी नंतरच्या बॅचची." आणि चहा प्यायले, सर. सगळा प्यायले.

आता मी पुण्यात एका कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधते, त्याचाच पगार मिळतो. तुमच्या पत्नी अजून रोह्याच्या त्याच घरात राहतात, चष्मा लावून पेपर वाचतात असं कळलं. म्हणजे हे पत्र त्या पत्त्यावर टाकलं तर पोचेल आणि वाचलंही जाईल. सगळं नाही, निदान एका कार्डावर 'सरांचं उत्तर बरोबर होतं' एवढं लिहावं, असं पुष्कळदा मनात येतं. खाली नाव घातलं नाही तरी चालेल, हे मला कधीच सुचलं होतं. तसं बिननावाचं कार्डसुद्धा मी आजवर टाकलेलं नाही.