आठही पाय अधांतरी

जळगाव जामोद,
ता. १९-२-१९६४

चि. गोपाळ यास नीळकंठचे अनेक आशीर्वाद. प्रेमलाचा खोकला गेला. अकोल्याच्या खाणावळीने तुझी तब्येत किती शिल्लक ठेवली ते कळव.

मोताळ्याच्या शंकरपटात मामाजींची, म्हणजे तुझ्या बाबांची, जोडी पहिली आली हे तू ऐकलं असशीलच. पुढचं ऐकलं नसशील. यंदा नियम होता की बैलाला तुतारी (टोकाला खिळा लावलेली काठी) टोचली तर जोडी बाद. मी विज्ञानाचा मास्तर, म्हणून शेवटच्या रेषेवर आपोआप फोटो काढणारं यंत्र मांडलं. एका बाजूला मोटारीचा दिवा, समोर फिरत्या टॉकीजवाल्याकडून मागून आणलेला विजेचा डोळा. मधून कोणी गेलं की उजेड तुटतो आणि पापणी लवायच्या आत फोटो निघतो. (पहिला फोटो शेळीचा निघाला, दुसरा शेळी हाकलायला आलेल्या सरपंचांचा.) म्हणून तारांजवळ राखणीला मी मामाजींना उभं केलं. ही चूक माझी.

जोडी आली, कॅमेरा वाजला, आणि मुख्य पंच माणिकराव पाटील म्हणाले, "शेषराव, तुह्या बैलाले कोनीतरी टोचलं. उगाच नाही उधळला तो." मामाजी म्हणाले, "हाकणाऱ्या निवृत्तीचे हात पाहा ना. जवाईबापूचं यंत्र काऊन खोटं बोलन? फोटो येऊ द्या." पंचांनी निकाल रविवारवर ठेवला.

काल फोटो धुतला. निवृत्तीचे हात रिकामे. बैलांचे आठही पाय अधांतरी, तोंडचा फेस हवेत थांबलेला. असा फोटो माझ्या हातून पुन्हा निघणार नाही. मात्र उजव्या बैलामागे मामाजी आहेत आणि त्यांच्या छत्रीचं टोक बैलाच्या पुठ्ठ्यात रुतलेलं आहे.

दाखवावा तर सासरे जातात, लपवावा तर वर्गात प्रयोग कोणत्या तोंडाने शिकवू? प्रेमला म्हणते, "छत्री काही तुतारी नाही." (तुझीच बहीण.) मामाजी ओसरीवर बसून तासातासाला विचारतात, "वाळला का फोटो, जवाईबापू?" मी म्हणतो, हवा दमट आहे. फेब्रुवारीत.

तुझा,
नीळकंठ

ता. क. पत्राचं खरं कारण हे, की शनिवारी ये आणि त्यांना तूच सांग. तुला फार तर शिव्या बसतील. मला ते मान देतात, ही पंचाईत आहे.

आणखी ता. क. येऊ नकोस. मी पाकिटाला लावायला तिकीट शोधत होतो तेवढ्यात मामाजींनी फोटो पाहिला. आठ पायांपुढे त्यांना दुसरं काही दिसलंच नाही. "पाह्य प्रेमला, बैल उडून राह्यले," म्हणाले, आणि पंचांना दाखवायला फोटो घेऊन दुपारच्या एसटीने गेलेसुद्धा. तू परस्पर मोताळ्याला जा आणि त्यांना गाठ. माणिकरावांचा चष्मा बुलढाण्याला दुरुस्तीला गेला आहे असं कळतं. तो शुक्रवारी परत येतो.